विषाचा जमाखर्च

छत्रपति संभाजीनगरच्या क्रांती चौकांत काळा चबुतरा या नांवानें ओळखली जाणारी एक जागा आहे. १८५७ च्या जून महिन्यांत औरंगाबादच्या छावणींतील हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळांत असंतोष पेटला, पुण्याकडून इंग्रजी फौज चालून आली, आणि बंडांत सामील झालेल्या शिपायांपैकीं कित्येकांस देहान्त शासन झालें. त्या शिपायांची स्मृति लोकांनीं या चबुतऱ्याशीं जोडून ठेविली आहे, व चौकाच्या नांवांतहि तीच स्मृति आहे. याच चौकांतून जालना रस्त्यानें पूर्वेकडे गेलें म्हणजे चिकलठाण्याची आणि तिच्या पुढें शेंद्र्याची औद्योगिक वसाहत लागते. पश्चिमेकडे छावणी ओलांडून अहिल्यानगरच्या रस्त्यास लागलें म्हणजे वाळूजची वसाहत येते. औषधें, रसायनें, यंत्रांचे भाग असा नाना प्रकारचा माल येथें तयार होतो, आणि हजारों कुटुंबांची चूल त्यावर पेटते.

रसायनाच्या कारखान्याविषयीं एक प्रश्न मात्र असा आहे कीं, तो रस्त्यानें जाणाऱ्या नागरिकाच्या मनांत सहसा येत नाहीं. ज्या विद्येनें औषध बनतें त्याच विद्येनें विषहि बनतें. भट्टी तीच, नळ्या त्याच, पुष्कळ वेळां कच्चा मालहि तोच. मग अमुक कारखान्यांत औषधच होतें, युद्धासाठीं विष होत नाहीं, याची जगाला खात्री कशी पटावी? आणि एखाद्या राष्ट्रानें "आमच्याजवळ असलें विष होतें, तें आम्हीं नष्ट केलें" असें म्हटलें, तर दुसऱ्यांनीं त्या शब्दावर विश्वास कां ठेवावा? या प्रश्नाचें उत्तर शोधण्यांत मानवजातीचीं शेंकडों वर्षें गेलीं. त्या उत्तरांत भारताचाहि एक महत्त्वाचा वांटा आहे, आणि तो फारसा कोणाच्या लक्षांत नाहीं.

युद्धांत विष वापरूं नये हा विचार कांहीं आजचा नव्हे. मनुस्मृतीच्या सातव्या अध्यायांत राजधर्म सांगतांना विषानें माखलेल्या शस्त्रांनीं शत्रूस मारूं नये असा निर्बंध घातला आहे. पण त्याच भूमींत लिहिल्या गेलेल्या कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत, चौदाव्या अधिकरणांत, शत्रूस आंधळें करणारे व प्राण घेणारे धूर कसे तयार करावे याचे पाठहि दिलेले आहेत. धर्मानें निषेध करावा आणि राजनीतीनें तो गुपचूप बाजूस ठेवावा, असा हा जुना झगडा आहे. युरोपांतहि निराळें घडलें नाहीं. १६७५ सालीं स्ट्रासबुर्ग येथें फ्रान्स आणि पवित्र रोमन साम्राज्य यांनीं विषारी गोळ्या न वापरण्याचा करार केला. १८९९ सालीं हेग येथील परिषदेंत गुदमरविणारे वायु पसरविणारे तोफगोळे वापरणार नाहीं असें अनेक राष्ट्रांनीं जाहीर केलें. कागद चांगला होता, सह्याहि मोठमोठ्या होत्या. पुढें सोळा वर्षेंहि झालीं नाहींत तोंच त्या कागदाची किंमत कळून आली.

२२ एप्रिल १९१५ रोजीं संध्याकाळीं बेल्जममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्यानें हजारों नळकांड्यांतून क्लोरीन वायु वाऱ्यावर सोडला. हेगच्या घोषणेंत बंदी तोफगोळ्यांना होती. नळकांड्यांचा उल्लेख नव्हता, अशी पळवाटहि सांगण्यांत आली. हिरवट पिवळा ढग जमिनीसरसा सरकत फ्रेंच खंदकांत उतरला आणि माणसें गुदमरून पडूं लागलीं. ती फळी सांवरण्यासाठीं जें सैन्य घाईघाईनें तेथें नेण्यांत आलें, त्यांत हिंदी सैन्याची लाहोर डिव्हिजन होती. २६ एप्रिल रोजीं तिनें चढाई केली आणि तिच्यावरहि हा वायु सोडण्यांत आला. मुखवटे नव्हते. शिपायांनीं हाताशीं असलेलें फडकें, पागोट्याचें टोंक, जें मिळेल तें भिजवून नाकातोंडाशीं धरलें. त्या दिवशींच्या शौर्याबद्दल जमादार मीर दस्त यांस व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला; त्या वायूची बाधा त्यांनाहि झाली होती. याच डिव्हिजनमध्यें तिसऱ्या सॅपर्स आणि मायनर्स पथकाच्या विसाव्या व एकविसाव्या कंपन्या होत्या, आणि त्यांचें ठाणें पुण्याजवळ खडकी येथें होतें. म्हणजे रासायनिक युद्धाच्या पहिल्याच आठवड्यांत ज्या फौजेवर विष सोडलें गेलें, तिच्यांत महाराष्ट्रांतील एका छावणींतून निघालेलीं माणसें होतीं.

दोन वर्षांनीं, जुलै १९१७ मध्यें, त्याच ईप्रजवळ मस्टर्ड गॅस प्रथम वापरला गेला. त्याला मोहरीचें नांव मिळालें तें वासावरून. मोहरीशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. नांव वायूचें असलें तरी वस्तुतः तो एक तेलकट द्रव आहे. तो अंगावर पडतांच वेदना होत नाहींत. कांहीं तासांनंतर कातडीवर मोठमोठे फोड येतात, डोळे सुजून मिटतात, आणि फुप्फुसांत गेला तर आंतून भाजून काढतो. जमिनींत व कपड्यांत तो दिवसेंदिवस टिकून राहतो. पुढें भारताच्या कथेंत हेंच द्रव्य येणार असल्यामुळें त्याचे गुण येथें सांगणें अवश्य होतें.

महायुद्ध संपल्यावर जगाला पश्चात्ताप झाला. १७ जून १९२५ रोजीं जिनीव्हा येथें एक नवा करार झाला आणि युद्धांत विषारी वायूंचा उपयोग करण्यास बंदी घालण्यांत आली. तत्कालीन हिंदुस्थान सरकारनें १९३० सालीं त्यास मान्यता दिली. परंतु या करारांत दोन मोठीं भगदाडें होतीं. बंदी होती ती वापरण्यास. विष बनविण्यास व सांठविण्यास नव्हती. पुष्कळ राष्ट्रांनीं तर सही करतांनाच "शत्रूनें वापरलें तर आम्हीहि वापरूं" असें लिहून ठेविलें. दुसरें भगदाड याहून मोठें होतें. करार मोडला कीं नाहीं हें पाहावयाचें कोणी, कोठें आणि कसें, याविषयीं त्यांत एक अक्षरहि नव्हतें. इटलीनें १९३५-३६ मध्यें इथिओपियांत मस्टर्डचा वर्षाव केला. जपाननें चीनमध्यें विषारी वायु वापरला. आणि रावळपिंडी येथें १९३० नंतरच्या दशकांत व पुढील महायुद्धाच्या काळांत ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं हिंदी शिपायांवर मस्टर्डच्या चाचण्या घेतल्या. हिंदी कातडीवर या विषाचा परिणाम इंग्रजी कातडीहून निराळा होतो कीं काय, हें पाहणें हा त्यांतील एक हेतु होता. ही हकीगत ब्रिटनच्या राष्ट्रीय दफ्तरखान्यांतील कागदांवरून २००७ सालीं वर्तमानपत्रांत प्रसिद्ध झाली, तोंपर्यंत सामान्य लोकांस तिची वार्ताहि नव्हती.

नुसत्या वचनाची दुबळी अवस्था अखेरची आणि अत्यंत विदारक रीतीनें दिसली ती इराण-इराक युद्धांत. १९८४ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं पाठविलेल्या तज्ज्ञांनीं इराणांत जाऊन रोगी तपासले, न फुटलेले बाँब पाहिले, आणि मस्टर्ड व ताबून हीं दोन्ही विषें वापरलीं गेल्याचें निश्चित केलें. अहवाल झाला, युद्ध मात्र त्याच शस्त्रांनीं चालू राहिलें. १६ मार्च १९८८ रोजीं इराकमधील हलबजा या कुर्द गांवावर विषाचा हल्ला होऊन हजारों नागरिक मेले. साक्षीदार गेला खरा, पण घाव पडून गेल्यावर गेला, आणि त्याच्या हातीं अधिकार नव्हता.

या अनुभवांतून जो नवा करार जन्मास आला तो १३ जानेवारी १९९३ पासून पॅरिस येथें सह्यांसाठीं खुला झाला आणि २९ एप्रिल १९९७ रोजीं अमलांत आला. तो पूर्वीच्या करारांहून मुळांतच निराळा होता. रासायनिक अस्त्रें वापरणें, बनविणें, सांठविणें, दुसऱ्यास देणें, या सर्वांस त्यानें बंदी केली. असलेला सांठा नष्ट करण्यास मुदत घातली. आणि हें सर्व डोळ्यांनीं पाहण्यासाठीं हेग येथें एक कायमची संस्था उभी केली. तिचें नांव रासायनिक अस्त्र प्रतिबंधक संघटना. निरनिराळ्या देशांतील रसायनज्ञ, दारूगोळ्याचे जाणकार, वैद्य असे निरीक्षक तिच्या पदरीं असतात. आज १९३ राष्ट्रें तिचीं सभासद आहेत. इजिप्त व उत्तर कोरिया बाहेर आहेत. इस्राएलनें सही केली, पण करारास अंतिम मान्यता दिलेली नाहीं. २०१३ सालचें शांततेचें नोबेल पारितोषिक या संघटनेस मिळालें.

निरीक्षकांची सारी पद्धत एका साध्या गोष्टीवर उभी आहे, आणि ती गोष्ट म्हणजे कबुली. प्रत्येक राष्ट्रानें सभासद झाल्यापासून तीस दिवसांच्या आंत आपल्याजवळ काय आहे, किती आहे, कोठें आहे, कोणत्या कारखान्यांत झालें, हें लिहून द्यावयाचें. व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेबनीस येतो तेव्हां तो प्रथम वही मागतो आणि मग वहीप्रमाणें वखारींतील माल मोजतो. तसाच हा प्रकार आहे. वहीच खोटी असेल तर मोजणाराचें काम शतपटीनें अवघड होतें. म्हणून या करारांत पहिली कसोटी राष्ट्राच्या सत्यनिष्ठेची लागते.

ही कसोटी भारतास कशी लागली तें आतां पाहूं. १९ ऑगस्ट १९९२ रोजीं नवी दिल्ली येथें भारत व पाकिस्तान यांनीं एक संयुक्त घोषणापत्र काढलें. रासायनिक अस्त्रें बनविणार नाहीं, मिळविणार नाहीं, वापरणार नाहीं, असें अभिवचन त्यांत परस्परांस दिलें होतें. असला सांठा आपल्याजवळ आहे असें भारतानें त्यापूर्वीं कधींहि बोलून दाखविलें नव्हतें. १४ जानेवारी १९९३ रोजीं भारतानें पॅरिसच्या करारावर सही केली आणि ३ सप्टेंबर १९९६ रोजीं त्यास मान्यता दिली. आतां कबुलीपत्र भरण्याची वेळ आली. १९९७ च्या जूनमध्यें भारतानें तें भरलें, आणि त्यांत मस्टर्डचा १,०४४ टन सांठा आपल्याजवळ असल्याचें नमूद केलें. त्याचा फार मोठा भाग भांड्यांत भरून ठेविलेला होता. तोफगोळ्यांत भरलेला अंश अल्प होता.

जगास आश्चर्य वाटलें. पाकिस्तानांतून टीका झाली, आणि ती सर्वस्वीं निराधार होती असें म्हणतां येत नाहीं, कारण १९९२ चें घोषणापत्र सर्वांस आठवत होतें. देशांतहि कांहींनीं विचारलें कीं हें सांगण्याची निकड काय होती. भारत त्या वेळीं गप्प राहिला असता तर काय झालें असतें, याचा विचार करून पाहण्यासारखा आहे. कदाचित् तो सांठा कोणासहि सांपडला नसता. पण मग तो नष्टहि करतां आला नसता. कारण नष्ट करावयाचा तर निरीक्षकांसमोर, आणि निरीक्षकांस बोलवावयाचें तर आधीं कबूल करणें प्राप्त. गुप्त ठेविलेलें विष तसेंच पडून गळत राहतें, आणि तें ठेवणाराच्या मुलानातवांवर ओझें होऊन बसतें. भारतानें पूर्वींच्या मौनाची लाज पत्करली आणि वही खरी लिहिली. मोठ्या राष्ट्राच्या इतिहासांत असे प्रसंग थोडे येतात. ते रणांगणावर घडत नसल्यामुळें पाठ्यपुस्तकांत त्यांना जागा मिळत नाहीं, एवढेंच.

कबुलीनंतर निरीक्षक येतात. प्रथम ते सांठ्याच्या जागीं जाऊन मोजणी करितात. पिंपें व गोळे मोजतात, त्यांवर खुणेच्या चिठ्ठ्या व मोहोरा लावतात, म्हणजे आजची वस्तु उद्यां बदलली तर लगेच कळावें. गोळ्याच्या पोटांत द्रव आहे कीं घन, विष आहे कीं नुसतें पाणी, हें तो न फोडतां ओळखण्याचीं साधनें त्यांच्याजवळ असतात. ध्वनितरंग आंत सोडून त्यांच्या प्रतिध्वनीवरून आंतील पदार्थाची अवस्था समजते. न्यूट्रॉन किरणांच्या यंत्रानें आंतील मूलद्रव्यें ओळखतां येतात. गंधक आणि क्लोरीन हीं दोन्ही आढळलीं तर मस्टर्डचा संशय बळावतो. कांहीं भांड्यांतून नमुने काढून प्रत्यक्ष पृथक्करणहि होतें.

मग नाशाचें काम. करारानें त्याच्या पायऱ्या घालून दिल्या होत्या: तीन वर्षांत सांठ्याचा शंभरावा भाग, पांच वर्षांत पांचवा भाग, सात वर्षांत शेंकडा पंचेचाळीस, आणि दहा वर्षांत संपूर्ण. हें विष समुद्रांत बुडविणें, जमिनींत पुरणें, उघड्यावर जाळणें, यांस सक्त मनाई आहे. बंद भट्टींत अत्यंत उष्णतेनें तें जाळावें लागतें, किंवा रासायनिक क्रियेनें त्याचें विघटन करावें लागतें, आणि उरलेल्या पदार्थांचीहि व्यवस्था लावावी लागते. काम चालू असेपर्यंत निरीक्षक त्या ठिकाणीं हजर राहतात. भट्टींत किती वजन गेलें, बाहेर काय आलें, तपमापकानें काय दाखविलें, याच्या नोंदी ते पाहतात, आणि आंकडे जुळल्यावरच वहींतील तेवढी रक्कम खर्चीं पडते.

१० वर्षांची मुदत २९ एप्रिल २००७ रोजीं संपत होती. भारतानें रीतसर मुदतवाढ मागितली व ती २८ एप्रिल २००९ पर्यंत मिळाली. आणि त्यापूर्वींच, २००९ च्या मार्चमध्यें, शेवटचें पिंप रिकामें झालें. आपला सर्व सांठा असा नष्ट करणारें भारत हें जगांतील तिसरें राष्ट्र. पहिलें आल्बेनिया, त्याचा सांठा अवघा सोळा टन होता व तो २००७ सालीं संपला. दुसऱ्या राष्ट्रानें आपलें नांव जाहीर होऊं दिलें नाहीं; तें दक्षिण कोरिया होय हें मात्र सर्वांस ठाऊक आहे. रशियाजवळ सुमारें चाळीस हजार टन विष होतें. तें संपण्यास २०१७ चा सप्टेंबर उजाडला. अमेरिकेनें आपला शेवटचा गोळा ७ जुलै २०२३ रोजीं केंटकी संस्थानांत नष्ट केला. सर्व राष्ट्रांनीं मिळून कबूल केलेला ७२ हजार टनांहून अधिक सांठा येणेंप्रमाणें निरीक्षकांच्या साक्षीनें जगांतून नाहींसा झाला.

सांठा संपला म्हणून निरीक्षकांचें काम संपत नाहीं. विष बनविण्याची विद्या उरतेच, आणि ती शांततेच्या कारखान्यांत रोज वापरली जाते. म्हणून या करारानें रसायनांच्या तीन याद्या केल्या. पहिल्या यादींत मस्टर्ड, सारिन यांसारखीं द्रव्यें आहेत, ज्यांचा युद्धावांचून दुसरा उपयोग जवळजवळ नाहीं; संशोधनासाठीं अगदीं अल्प प्रमाणांतच तीं ठेवतां येतात. दुसऱ्या यादींत विषाच्या अगदीं शेजारचीं पण उपयोगी द्रव्यें येतात. उदाहरणार्थ, थायोडायग्लायकॉल हें मस्टर्डच्या घरचेंच द्रव्य. पण बॉलपेनची शाई व कापडाचे रंग यांतहि तें लागतें. मुलाच्या दप्तरांतील लेखणी आणि ईप्रच्या खंदकांतील फोड यांचें मूळ इतकें जवळ असावें, हें नवल खरें. तिसऱ्या यादींत फॉस्जीनसारखीं मोठ्या प्रमाणावर लागणारीं द्रव्यें आहेत. पहिल्या महायुद्धांत फॉस्जीननें असंख्य सैनिक मारले. आज त्याच्यापासून कीटकनाशकें व फोमचे पदार्थ होतात. भोपाळच्या कारखान्यांत जो वायु डिसेंबर १९८४ मध्यें सुटला, तो बनविण्यासहि फॉस्जीन लागत असे. या तीन याद्यांशिवाय, सेंद्रिय रसायनें मोठ्या प्रमाणांत तयार करणारे साधे कारखानेहि विवरणपत्रें देण्यास बांधलेले आहेत, कारण त्यांचीं यंत्रें उद्यां दुसऱ्या कामास लावतां येणें शक्य असतें.

भारतानें यासाठीं २००० सालीं स्वतंत्र कायदा केला आणि तो १ जुलै २००५ पासून अमलांत आणला. केंद्रीय मंत्रिमंडळाच्या सचिवालयांत एक राष्ट्रीय प्राधिकरण नेमलें. कारखान्यांनीं आपापलीं विवरणपत्रें त्याच्याकडे पाठवावयाचीं, आणि सबंध देशाचें मागील वर्षाचें विवरण ३१ मार्चच्या आंत हेगला पोंचलें पाहिजे. वाळूज, चिकलठाणा, तारापूर, पाताळगंगा, लोटे, असा जेथें जेथें रसायनांचा धंदा आहे, तेथील प्रत्येक कारखान्यास ठरलेल्या मर्यादेवर उत्पादन जातांच हा नियम लागू होतो.

निरीक्षण प्रत्यक्षांत कसें होतें तेंहि समजून घेण्यासारखें आहे. कोठें जावयाचें याची निवड हेग येथें होते; कारखानदारास किंवा सरकारास ती करतां येत नाहीं. दुसऱ्या यादीच्या कारखान्यास अठ्ठेचाळीस तास आधीं सूचना मिळते. तिसऱ्या यादीच्या व इतर कारखान्यांस पांच दिवस आधीं. निरीक्षक ठरलेल्या विमानतळावर उतरतात, त्यांचीं उपकरणें यादीशीं ताडून पाहिलीं जातात, आणि प्राधिकरणाचे अधिकारी त्यांस कारखान्यांत घेऊन जातात. प्रथम कारखानदार माहिती सांगतो. तीन तासांहून अधिक वेळ यासाठीं घेतां येत नाहीं, नाहींतर बोलण्यांतच दिवस सरावयाचा. मग निरीक्षक फिरून पाहतात. आंत आलेला कच्चा माल, बाहेर गेलेला पक्का माल, वखारींतील शिल्लक, यांचा मेळ घालतात. इतक्या कच्च्या मालापासून इतकाच पक्का माल कां झाला, बाकीचा गेला कोठें, हा त्यांचा नेहमींचा प्रश्न. साध्या औषधाच्या कारखान्यांत अवाजवी जाड हातमोजे, विशेष गाळणीची हवा, गंज न चढणाऱ्या महागड्या नळ्या, असें कांहीं दिसलें तर तें कशासाठीं, हेंहि ते विचारतात.

येथें कारखानदाराची एक रास्त अडचण उभी राहते. त्याच्या धंद्याचीं गुपितें असतात, आणि आलेला परकीय निरीक्षक एखाद्या प्रतिस्पर्ध्याच्या देशचा असूं शकतो. म्हणून करारानें गुपितास संरक्षण दिलें आहे. विषाशीं संबंध नसलेलीं कागदपत्रें झांकून ठेवण्याची मोकळीक असते. नमुन्याचें पृथक्करण करावयाचें झाल्यास तें बहुधा जागेवरच, निरीक्षकांनीं बरोबर आणलेल्या यंत्रानें होतें. गॅस क्रोमॅटोग्राफ नमुन्यांतील घटक एकमेकांपासून वेगळे करतो, आणि मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येक घटकाची ओळख पटवितो. हें यंत्र असें लावून ठेवितां येतें कीं, यादींतील विषारी द्रव्य आढळलें तरच तें त्याचें नांव सांगतें. बाकीच्या मालांत काय आहे याविषयीं तें मूक राहतें. नमुना देशाबाहेर न्यावयाची पाळी आली तर त्याच्या कुप्या मोहोरबंद होतात, आणि निदान दोन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत त्यांची स्वतंत्र तपासणी होते. साधारण कारखान्याचें निरीक्षण चोवीस तासांत आटोपावें लागतें. दुसऱ्या यादीच्या कारखान्यास शहाण्णव तासांपर्यंत लागतात. शेवटीं आढळलेल्या गोष्टींचा प्राथमिक मसुदा कारखान्याच्या माणसांसमोर ठेवला जातो, आणि त्यांचें म्हणणेंहि त्यांत नोंदलें जातें.

एवढी चोख व्यवस्था असूनहि तिला मर्यादा आहेत, आणि त्या लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. लिबियानें २००४ सालीं आपला सांठा कबूल केला. २०११ मध्यें गद्दाफींची सत्ता गेल्यावर नव्या सरकारास मस्टर्ड भरलेले आणखी गोळे सांपडले, ज्यांची नोंद वहींत नव्हती. सीरियाची कथा याहून दुःखद आहे. २१ ऑगस्ट २०१३ रोजीं दमास्कसजवळील घूता भागांत सारिन वायूनें शेंकडों माणसें मेलीं. संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक तेथें जात असतां त्यांच्या गाडीवर गोळ्या झाडल्या गेल्या. तरी त्यांनीं जाऊन रक्ताचे, केसांचे व मातीचे नमुने घेतले आणि सारिन सिद्ध केलें. त्यानंतर सीरिया सभासद झाला, सुमारें १,३०० टन सांठा त्यानें कबूल केला, आणि २०१४ च्या जूनपर्यंत तो देशाबाहेर नेण्यांत आला. पण कबुलीपत्रांतील विसंगति मिटेनात. २०१७ सालीं खान शेखून येथें पुन्हां सारिननें माणसें मेलीं. अखेर २०२१ सालीं सभासद राष्ट्रांनीं सीरियाचे मतदानाचे हक्क काढून घेतले. डिसेंबर २०२४ मध्यें तेथील जुनी सत्ता कोसळली, आणि २०२५ च्या फेब्रुवारींत संघटनेचे प्रमुख स्वतः दमास्कसला गेले. खोट्या वहीचा हिशेब नव्यानें मांडण्याचें काम असें अकरा वर्षांनंतर पुन्हां सुरू करावें लागलें.

करारांत एक तीक्ष्ण हत्यार आहे. कोणत्याहि सभासद राष्ट्रास दुसऱ्याविषयीं संशय आला तर तो थोड्या तासांच्या सूचनेवर वाटेल त्या जागेची तपासणी मागूं शकतो, आणि ज्याच्यावर संशय आहे त्यास नाहीं म्हणतां येत नाहीं. आजपर्यंत एकदांहि कोणी हें हत्यार उपसलें नाहीं. संशय खोटा ठरला तर मागणाराचीच नाचक्की व्हावयाची, आणि आज मागितलें तर उद्यां आपल्यावरहि तीच पाळी यावयाची, ही भीति त्याच्या मुळाशीं असावी. शिवाय नवीं विषें निघतच असतात. २०१८ च्या मार्चमध्यें इंग्लंडांतील सॉल्झबरी येथें नोव्हिचोक जातीचें विष वापरलें गेलें, तेव्हां तें कोणत्याच यादींत नव्हतें. २०१९ सालीं ठराव होऊन पुढील वर्षीं तें पहिल्या यादींत आलें. आणि क्लोरीन? तें तर प्रत्येक नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रांत असतें. त्यास यादींत घालून भागणार नाहीं.

म्हणून अखेरचा भार केवळ हेगच्या निरीक्षकांवर टाकून चालत नाहीं. जगभर दर वर्षीं कारखान्यांचीं दोनशें चाळीसच्या आसपास निरीक्षणें होतात, आणि कारखाने हजारों आहेत. निरीक्षक ज्या दिवशीं येत नाहीं, त्या दिवसांची संख्या नेहमींच मोठी राहणार. त्या दिवशीं विषाची वही खरी राहते ती कारखान्यांतील रसायनज्ञामुळें आणि कारकुनामुळें. २०२४ सालीं या संघटनेनें आपलें हेग पारितोषिक इंडियन केमिकल कौन्सिल या भारतीय उद्योजकांच्या संस्थेस दिलें, तें याच कारणानें. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांच्या पुढाकारानें १९३८ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेनें कारखानदारांस विवरणपत्रें भरण्यास शिकविण्याचें व निरीक्षणास तयार करण्याचें काम वर्षानुवर्षें केलें आहे. एखाद्या उद्योगसंस्थेस हा मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

ईप्रच्या खंदकांत भिजलेलें फडकें तोंडाशीं धरून उभ्या राहिलेल्या शिपायांना हेगचा १८९९ चा कागद उपयोगी पडला नाहीं, कारण तो कागद खरा कीं खोटा हें पाहणारें कोणी नव्हतें. आज वाळूजच्या एखाद्या कारखान्यांत, मार्च महिन्याच्या अखेरीच्या धांदलींत, कोणी तरुण रसायनज्ञ कच्च्या मालाचे आंकडे शिलकेशीं जुळवून विवरणपत्रावर सही करतो. त्याला तें कंटाळवाणें काम वाटत असेल. पण एखादा आंकडा न जुळल्यास तो पुन्हां वखारींत जाऊन पिंपें मोजून येतो कीं कागदावरच जुळवून टाकतो, यावर या साऱ्या कराराचें खरेपण अवलंबून आहे.